नकाशात नसलेला पूल

चष्मेवाल्या काकांनी गाडी घेतली ती जुनी, पण मिरवली मात्र नवीकोरी असल्यासारखी. बाजारातल्या त्यांच्या चष्म्याच्या दुकानासमोर ती उभी असली, की डोळे तपासायला आलेल्या माणसाला ते तक्त्यावरची बारीक ओळ वाचायला लावण्याआधी काचेतून बाहेर बघायला लावत. "ती करडी दिसतेय? स्पष्ट दिसतेय ना? आपली आहे."

गाडीत तसं विशेष काही नव्हतं. मागची एक खिडकी अर्ध्यावर येऊन रुसायची, आणि पहिला गिअर टाकला की पत्र्याच्या डब्यात चमचे हलवल्यासारखा आवाज यायचा. पण पुढे, दोन सीटांच्या मधोमध, एक पडदा होता आणि त्या पडद्यात रस्ता सांगणारी बाई होती. काकांचा सगळा जीव तिच्यात. भिंगं, काचा आणि नंबर यांत उभं आयुष्य काढलेला माणूस. यंत्राने एखादी गोष्ट सांगितली की त्यांना ती पटायचीच.

काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पहिल्याच दिवशी त्या बाईचं नाव 'शहाणी' ठेवलं. काकू दुकानाच्या वरच्या खोलीत बायकांचे कपडे शिवत. चार शब्द बोलून माणूस ओळखायची त्यांना सवय होती, आणि शहाणीलाही त्यांनी ओळखलं होतं. चुकली तरी आवाज चढवायचा नाही आणि माफीही मागायची नाही, अशी ती बाई.

आणि शहाणी चुकायची, चांगली भरपूर चुकायची. गाडी उड्डाणपुलावर असली की तिला वाटायचं आपण खालच्या रस्त्यावर आहोत, मग ती अधांतरी डावीकडे वळायला सांगायची. गोल चौकात "तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडा" म्हणायची आणि तिसरा रस्ता म्हणजे कुणाच्या तरी गॅरेजचं दार असायचं. बोगद्यात शिरलं की गप्प, आणि बाहेर आल्यावर मघाशी सांगायचं राहिलेलं सगळं एका दमात. एकदा भाच्याच्या नव्या घरी जायला निघालेले हे दोघं एका लाँड्रीच्या मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये जाऊन उभे राहिले. तेव्हाही काकांनी तिचीच बाजू घेतली. "तिचं बरोबर आहे. त्यानेच घर जरा पलीकडे घेतलंय."

त्यांना एकच मुलगी. घरात तिला बारकी म्हणत, आणि ती बापाच्या वर वीतभर उंच झाली तरी बारकीच राहिली. ती पूल बांधणारी इंजिनिअर होती. गेली काही वर्षं ती दूर नदीच्या मुखाजवळ एका मोठ्या पुलाच्या कामावर होती, तिथेच एका पत्र्याच्या केबिनीत तिचं ऑफिस, आणि शेजारच्या गावात भाड्याची खोली. घरी आली की झोपायची. काम कसं चाललंय विचारलं की म्हणायची, "चाललंय." तू नक्की काय करतेस विचारलं की म्हणायची, "काँक्रीट बघते."

काका गिऱ्हाइकांना छाती काढून सांगत, "काँक्रीट बघते आमची." काँक्रीटमध्ये बघायचं काय असतं हे त्यांना कळत नव्हतं. पण बघण्याचं काम आहे म्हणजे आपल्याच धंद्यातलं, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बसलेला, पण खुशीत. "आई, शनिवारी पूल खुला होतोय. भाषणं सकाळीच आटपतील. दुपारी चारला लोकांच्या गाड्या सोडणार. तुम्ही दोघं या. मी पलीकडच्या टोकाला असेन."

काकांनी फोन ओढून घेतला. "येतो म्हणजे काय, येतोच."

"बाबा, नीट ऐका. मोठ्या रस्त्याने या. पाण्याची उंच टाकी लागेल, तिथे दोन फाटे आहेत. सरळ या. डावीकडे वळू नका. आणि तुमच्या त्या मशीनचं ऐकू नका, तिला पूल माहीत नाही."

"अगं, तिला सगळं माहीत असतं."

"बाबा, पूल अजून कुठल्याच नकाशात नाहीये."

"बरं बरं," काका म्हणाले. या घरात 'बरं बरं' म्हणजे काय, ते बारकीलाही माहीत होतं आणि काकूंनाही.

शनिवारी सकाळी दोघं निघाले. काकूंनी स्वतः शिवलेला जांभळा ड्रेस घातला होता. मागच्या सीटवर चहाचा थर्मास, ब्रेडचा डबा आणि बारकीसाठी धुऊन इस्त्री केलेले चार शर्ट. काकांनी काचा पुसल्या, आरसे पुसले, शहाणीचा पडदा मऊ फडक्याने पुसला, आणि पलीकडच्या काठावरच्या गावाचं नाव एका बोटाने टिपून टिपून घातलं.

"मार्ग सापडला," शहाणी म्हणाली.

"बघ," काका म्हणाले.

"मोठ्या रस्त्याने जायचं सांगितलंय पोरीने."

"ही पण मोठ्या रस्त्यानेच नेतेय. फक्त वाटेत थोडा आडमार्ग घेतेय. वेळ वाचतो."

वाचलेला वेळ एका फर्निचरच्या कारखान्याच्या आवारात गेला. शहाणीने आत वळायला सांगितलं, काका वळले, आणि समोर लाकडी कपाटं चढवणारा ट्रक आडवा उभा. पहारेकरी खुर्चीवरून न उठताच म्हणाला, "मागे घ्या. मागच्या बाजूला पूर्वी रस्ता होता, आता भिंत आहे. रोज कोणी ना कोणी येतंच."

"मग पाटी का लावत नाही?" काकांनी जरा रागानेच विचारलं.

"लावलीय की. पण लोक पडदा बघतात, पाटी कोण बघतो?"

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. संसारातल्या कितीतरी गोष्टी न बोलण्याने लवकर मिटतात, हा त्यांचा अनुभव होता. पण पुढे दुपारी उजव्या हाताला आभाळात एक निळी टाकी दिसायला लागली, तशा त्या सावरून बसल्या.

"अहो, टाकी."

"दिसली."

"सरळ जायचं."

"पुढील फाट्यावर डावीकडे वळा," शहाणी म्हणाली.

काकांचा हात वळण दाखवणाऱ्या दिव्याच्या दांड्यावर गेला.

"अहो, सरळ! पोरीने कानीकपाळी ओरडून सांगितलंय!"

"अगं, पण ही म्हणतेय अठरा मिनिटांत पोचवते. एवढं छातीठोकपणे सांगतेय म्हणजे काहीतरी असेल ना?"

"ही कोण तुमची? शेजारी मी बसलेय ना?"

गाडी डावीकडे वळली होती. काकूंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

रस्ता आधी चांगला होता. मग तो एका गाडीपुरता झाला. मग त्यात खड्डे आले आणि खड्ड्यांत पाणी आलं. दोन्ही बाजूंना माणसाच्या वर गेलेलं गवत. गाडी वळवायची म्हटली तरी जागा नाही. शहाणी मात्र एखाद्या राजरस्त्यावरून नेत असल्यासारखी "सरळ पुढे जा, सरळ पुढे जा" म्हणत होती. शेवटी गवत संपलं आणि एकदम समोर पाणी आलं. मोठी, करडी, संथ नदी. काठावर सिमेंटचा उतरता धक्का, धक्क्यावर आडवी साखळी, आणि साखळीपलीकडे दोरांनी बांधलेली एक रुंद, चपटी बोट.

"बोटीवर चढा," शहाणी म्हणाली.

काकांनी इंजिन बंद केलं.

धक्क्याच्या कडेला एक माणूस दोराच्या वेटोळ्यावर बसून कागदातला ब्रेड खात होता. उन्हाने रापलेला, डोक्यावर मळकी टोपी. तो उठून खिडकीपाशी आला.

"बोट बंद झाली, काका. काल शेवटची फेरी झाली. आजपासून पूल."

"हो हो, पुलावरच निघालोय आम्ही."

"मग इकडे कसे?" त्याने विचारलं, आणि पडद्याकडे नजर जाताच स्वतःच मान डोलावली. "कळलं. हिनेच पाठवलं ना? सगळ्यांना इथेच आणून सोडते ती. आम्हाला काही देणं लागत नाही तरी गिऱ्हाइकं पाठवायची बिचारी."

काकू तेवढ्यातही हसल्या. काका हसले नाहीत.

"पूल इथून किती लांब?" काकूंनी विचारलं.

"तो काय, दिसतोय."

आणि खरंच दिसत होता. नदीच्या वरच्या अंगाला, धुरकट उन्हात, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक बारीक, किंचित उचललेली रेघ, आणि तिच्याखाली खांब. काकूंनी डोळ्यांवर हात धरला. बारकीने फोटो पाठवले होते, पण फोटोत तो नुसता पूल होता. इथे तो नदीवर होता.

"परत फाट्यावर जायला लागेल," बोटवाला म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर मलाही घ्या. बोटीने रोज पलीकडे घरी जायचो. काल रात्री इथेच झोपलो, आता जायचं कसं तेच ठरवत बसलो होतो."

तो मागे बसला, थर्मास आणि शर्ट मांडीवर घेऊन. गाडी वळवताना त्यानेच मागे बघून "या, या, अजून या, बस!" असं सांगितलं. परतीच्या वाटेवर दुधाचा एक टँकर आडवा आला. त्याला वाट देण्यासाठी बरंच मागे जावं लागलं, मग पुढे, मग पुन्हा खड्डे. वेळ होता, आणि बोटवाल्याला बोलायला कोणीतरी हवंच होतं.

"या पडद्यांनी या पुलाला काय छळलंय, विचारू नका," तो म्हणाला. "काँक्रीटच्या गाड्या येतात ना, पाठीवर गोल फिरणारं पिंप असलेल्या? त्यांचे ड्रायव्हर लांबून यायचे, नवखे असायचे. जायचं असायचं पुलावर, आणि यायच्या माझ्या धक्क्यावर. आम्हाला आधी गंमत वाटायची."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग एकदा गंमत अंगाशी आली. एक गाडी अशीच चुकली. वळताना चाक रुतलं. बाहेर काढेपर्यंत इतका वेळ गेला, की आतला माल घट्ट व्हायला लागला. ड्रायव्हर घाबरला. म्हणाला, थोडं पाणी द्या, ओततो आत, सैल होईल. आता मला काय ठाऊक? मीच दिली नळी."

"त्यात काय झालं?" काकू म्हणाल्या.

"तेच मी म्हणालो! पण तसं नसतं म्हणे. पाणी घातलं की काँक्रीट दिसायला छान दिसतं, पण आतून कच्चं राहतं. तो माल गेला पुलाच्या एका खांबात. नेमकी त्या दिवशी मॅडम पलीकडे होती."

काकूंनी हळूच काकांकडे बघितलं. काकांची नजर रस्त्यावर होती, पण कान मागे होते.

"मॅडम कोण?" त्यांनी विचारलं.

"तिथली इंजिनिअर. एक नंबरची खडूस बाई." बोटवाला मनापासून म्हणाला. "प्रत्येक गाडीतल्या मालाचे ठोकळे भरून ठेवतात, आणि काही दिवसांनी ते यंत्रात दाबून बघतात. त्या गाडीचे ठोकळे कच्चे निघाले. तोपर्यंत खांब चांगला माणसाच्या दुप्पट उंच झालेला. मॅडम म्हणाली, फोडा."

"फोडा?"

"फोडा! अख्खा! कंत्राटदाराने डोक्याला हात लावला. काम आधीच मागे पडलेलं, वरून रोज विचारणा. तो म्हणाला, मॅडम, वरून छान गिलावा मारू, आत कोण बघतंय? सगळे उभे होते तिथे, मीपण होतो, सामान घेऊन गेलो होतो. मॅडमने आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाली, 'मी बघतेय.'"

गाडी एका खड्ड्यात आपटली. काकांनी तो खड्डा पाहिलाच नव्हता.

"तिच्या साहेबाचा फोन आला, त्याच्या साहेबाचा फोन आला. ही ढिम्म. म्हणाली, मला काढा आणि मग गिलावा मारा. फोडला शेवटी. पंधरा दिवस नुसता ठाकठाक आवाज. तेव्हापासून आम्ही तिला 'फोडा मॅडम' म्हणतो. तोंडावर नाही, मागून."

"मग तुम्हाला ओरडली असेल नळी दिली म्हणून," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"तीच तर गंमत. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. आली धक्क्यावर, माझ्या शेजारी बसली, मातीचा एक गोळा घेतला, पाणी घालून दाखवलं काय होतं ते. एखाद्या शाळेतल्या बाईसारखं. म्हणाली, तुमची चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी कोणी पाणी मागितलं तर आधी मला फोन करा. झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः फाट्यावर उभी. त्या टाकीखाली. काँक्रीटच्या गाड्या यायच्या वेळी, उन्हात, हातात हा एवढा लाल झेंडा घेऊन. मशीन डावीकडे म्हणायचं, आणि ही झेंडा हलवून सरळ पाठवायची. मग माणसं ठेवली, पण त्यांनाही झेंडे हिनेच आणून दिले. काय मजबूत झेंडे होते! दुहेरी कापड, चारी बाजूंनी पक्की शिलाई. वाऱ्याने काठ्या मोडल्या, पण झेंडा नाही उसवला."

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

मागच्या वर्षी बारकी एका रात्रीसाठी घरी आली होती आणि म्हणाली होती, आई, मला जाड लाल कापडाचे मोठे चौकोन शिवून दे, जरा पक्के. कशाला विचारलं तर म्हणाली, कामाला. काकूंनी खिडकीच्या पडद्यांच्या जाड कापडाचे शिवले होते. दुहेरी. कडेला दोनदा टीप मारून. त्यांना वाटलं होतं, सामानावर झाकायला हवे असतील.

"आता बघा," बोटवाला सीटला पाठ टेकून म्हणाला, "माझी बोट त्याच बाईमुळे बंद पडली. तिच्यावर मी चिडायला हवं. पण ती मला म्हणते, पुलाचे खांब पाण्यातून तपासायला बोट लागणार आहे, तुम्ही चालवाल का? मी अजून हो म्हटलं नाही. म्हटलं, जरा भाव खाऊ. पण चिडता काही येत नाही तिच्यावर. अशी पोरगी कुणाच्या पोटी जन्मली असेल, देव जाणे!"

"माझ्या," काकू म्हणाल्या.

बोटवाल्याने आरशात काकांकडे बघितलं. काका समोर रस्त्याकडेच बघत होते. मग त्याने मांडीवरच्या इस्त्रीच्या शर्टांकडे बघितलं, आणि ते दोन्ही हातांनी जपून धरले.

"खडूस म्हणजे," तो अडखळत म्हणाला, "चांगल्या अर्थाने म्हणालो मी."

"तिच्या वडिलांवर गेलीय," काकू म्हणाल्या. "चष्म्याच्या काचेवर केसाएवढी चूक असली तरी हे गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतात. गिऱ्हाईक म्हणतं चालेल, हे म्हणतात मला नाही चालणार."

"काँक्रीट बघते, एवढंच म्हणाली होती," काका म्हणाले.

फाट्यावर पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. टाकीपासून गाड्यांची लांबच लांब रांग लागलेली. माणसं दारं उघडून बाहेर उभी, पोरं टपांवर चढलेली. बोटवाला खाली उतरू लागला. "थांबा, मी पुढे जाऊन सांगतो, मॅडमचे आईवडील आहेत म्हणून. लगेच सोडतील."

"नको," काका म्हणाले.

"अहो, पण..."

"तिने केलाय तो लोकांसाठी. आपणही रांगेतूनच जाऊ."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. सकाळपासून मनात साठलेला राग त्यांनी त्या क्षणी निम्मा माफ करून टाकला. उरलेला निम्मा त्यांनी राखून ठेवला, कारण परतीचा रस्ता अजून बाकी होता.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. शेवटी चढ सुरू झाला, मातीचा वास गेला, आणि चाकांचा आवाज बदलला. खाली आता रस्ता नव्हता, पूल होता. दोन्ही बाजूंनी कठडे, कठड्यांपलीकडे नुसतं आभाळ, आणि खाली नदी.

शहाणी गडबडली.

"मार्ग पुन्हा शोधत आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "शक्य असेल तिथे मागे वळा."

पडद्यावरचा रस्ता संपला होता. सगळा पडदा निळा, आणि त्या निळ्याच्या मधोमध त्यांचा छोटा बाण, सावकाश पुढे चाललेला. बोटवाला दोन सीटांच्या मधून डोकं घालून बघायला लागला.

"अहो, ही आपल्याला पाण्यात चालवतेय!"

"मागे वळा," शहाणी म्हणाली. "शक्य असेल तिथे मागे वळा."

काकूंनी आवाज बंद करायला हात पुढे केला. काकांनी त्यांचा हात धरला.

"राहू दे. बोलू दे तिला."

"सकाळपासून डोकं उठवलंय तिने."

"अगं, ऐक तरी." काका हसत होते, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "आख्ख्या जगाचे रस्ते हिच्या पोटात आहेत. आणि हा नाही. हिला वाटतंय आपण बुडतोय. आपल्या बारकीने हिला माहीत नाही असं काहीतरी केलंय!"

"मागे वळा."

"नाही वळत जा!" काकू पडद्याला म्हणाल्या, आणि त्याही हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीनेच डोळे पुसले. पुढच्या गाडीतलं कोणीतरी हात बाहेर काढून हलवत होतं. का, कुणाला, काही माहीत नाही. काकूंनीही हलवला.

बोटवाला मात्र मागच्या खिडकीशी सरकला होता. खिडकी अर्ध्यावरच अडकली होती, त्या फटीतून तो खाली बघत होता. तिथे त्याचा धक्का होता आणि धक्क्याला बांधलेली त्याची बोट. काडीपेटीएवढी.

"एवढीशी होय," तो स्वतःशीच म्हणाला. "आत असताना केवढी वाटायची."

पलीकडच्या टोकाला बारकी उभी होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, चेहरा उन्हाने काळवंडलेला. गाड्यांना हाताने पुढे काढत होती. करडी गाडी दिसताच तिचा हात हवेतच थांबला. मग तिने ती बाजूला घेतली.

"किती वेळ! मला वाटलं काही झालं की काय. कुठून आलात?"

काकांनी घसा खाकरला. "धक्क्यावरून."

बारकीने आधी आईकडे बघितलं, मग बापाकडे, मग मागून उतरणाऱ्या बोटवाल्याकडे. "बाबा! तुम्हीसुद्धा!" आणि ती इतकी हसली की हेल्मेट कपाळावर आलं.

"मॅडम," बोटवाल्याने टोपी काढली, "ती खांब तपासायची बोट. ती चालवीन म्हणतो मी."

"भाव खाऊन झाला?"

"झाला. पण रंग मी सांगेन तो द्यायचा."

"देऊ," बारकी म्हणाली.

तिने दोघांना पुलाच्या तोंडाशी नेलं. रस्ता आणि पूल जुळतात तिथे एक आडवी, दातेरी लोखंडी फट होती. काकूंनी वाकून तिच्यावर हात ठेवला. "ही फट का राहिली?"

"राहिली नाही आई, ठेवलीय. उन्हात पूल वाढतो, थंडीत आखडतो. त्याला जागा नको?"

"म्हणजे माया सोडलीस म्हण की. शिवताना कडेला जादा कापड सोडतो तशी."

बारकी आईकडे बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "तेच."

काकूंनी केबिनीच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा ओतला. बोटवाल्यालाही दिला. काका मात्र बसले नाहीत. कठड्याच्या कडेने, पायी चालणाऱ्यांच्या पट्टीवरून, ते एकटेच परत पुलावर निघाले. हात पाठीमागे, चष्मा नाकावर पुढे ओढलेला. मध्येच थांबत, खाली वाकत, कठड्यावरून बोट फिरवत, कुठल्याशा बोल्टकडे एक डोळा मिटून बघत. बारकीने चहाचा पेला ओठाशी धरला होता, पण ती पीत नव्हती. लहानपणी ती चित्र दाखवायला दुकानात जायची, तेव्हा बाबा चित्र असंच उजेडात धरायचे, आणि काहीतरी सापडायचंच. एखादा पाय आखूड, नाहीतर सावली उलट्या बाजूला.

"जाऊ दे त्यांना," काकू म्हणाल्या. "सवय आहे."

"मी काही म्हटलंय?" बारकी म्हणाली, पण तिची नजर हलली नाही.

काका पार मधल्या उंचवट्यापलीकडे दिसेनासे झाले. परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि रांग विरळ झाली होती. ते येऊन बारकीसमोर उभे राहिले. रुमालाने चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"मग?" बारकीने विचारलं.

"त्या टोकापर्यंत जाऊन आलो," काका म्हणाले. "दोन्ही बाजूंनी बघितलं." ते थांबले. "काही सापडलं नाही."

बारकीने मान खाली घातली. हेल्मेट हातात होतं, ते तिने उगाचच फिरवलं, आतली पट्टी घट्ट केली, सैल केली. मग एकदम तिचं लक्ष पुलावर गेलं. एका ट्रकवाल्याने भर पुलावर गाडी उभी केली होती आणि तो खाली उतरून नदीचा फोटो काढत होता.

"ओ दादा!" हेल्मेट डोक्यावर चढवत बारकी धावली. "पुलावर थांबायचं नाही! चला, काढा गाडी!"